हातावरचे सूर आणि इनासकाका

संगीत शिकवणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. एक, "आमच्या मुलाला गळा आहे का?" आणि दुसरा, "किती दिवसांत येईल?" पहिल्याचं खरं उत्तर दिलं तर मूल रडतं, दुसऱ्याचं दिलं तर पालक उठून जातात. मी ठाण्यातल्या एका शाळेत पस्तीस वर्षं पाश्चात्त्य संगीत शिकवलं. जवळजवळ तेवढीच वर्षं आमच्या देवळातला क्वायर चालवला. आम्ही ठाण्याचे जुने ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून खोपटला एसटी डेपोच्या मागे एका खोलीत क्लास काढला. त्यामुळे हे दोन्ही प्रश्न मी इतक्या वेळा ऐकले आहेत की आता विचारायच्या आधीच मी चहा मागवतो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची आली. कल्याणहून एक निवृत्त पोस्टमास्तर यायचे. त्यांना आयुष्यात एकच गाणं कीबोर्डवर वाजवायचं होतं, तेही फक्त उजव्या हाताने. डावा हात ते पँटच्या खिशात ठेवून बसायचे. चार महिन्यांत गाणं आलं, त्यांनी ते न अडखळता वाजवून दाखवलं, माझा हात हातात घेऊन आभार मानले आणि पुन्हा कधी फिरकले नाहीत. इतका समाधानी विद्यार्थी मला दुसरा मिळाला नाही.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. साठी उलटल्यावर मी स्वतः पहिलीत कसा बसलो आणि कुणामुळे पास झालो, ते.

आधी माझा स्वभाव सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी कागदाचा माणूस. पाच रेघांवर टिंबं काढून सूर लिहितात, ती लिपी मला लहानपणी एका फादरांनी शिकवली आणि तिने माझं डोकं फिरवलं. कागदावर नाही ते संगीत नाही, असं माझं मत होतं आणि ते मी मोठ्याने सांगायचो. क्वायर माझ्या हाती आला तेव्हा मी तिशीच्या आतला होतो. पहिल्याच नाताळच्या तालमीला मी सगळ्यांना छापील कागद वाटले आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना घरी पाठवायचं ठरवलं.

त्यात इनासकाका होते. माझ्या वडिलांचे चुलत भाऊ. तरुणपणी खाडीकाठच्या मिठागरावर कामाला, नंतर थोडी शेती. काका खालचा आवाज गायचे. म्हणजे मुख्य चाल वर चालू असताना तिच्याखालून दुसरी चाल न्यायची. ती कुठे लिहिलेली नव्हती आणि दर वेळी थोडी वेगळी असायची. मी दिलेला कागद त्यांनी भक्तिभावाने धरला होता, पण उलटा. नवा पांढरा शर्ट घालून आले होते.

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काका, तुम्हाला कळतच नाही तुम्ही काय गाताय."

काका शांतपणे म्हणाले, "मना कलत नाय. पन चुकतंय कुठं, त्यां सांग."

मी म्हणालो, असं मनाला येईल तसं गाऊन चालत नाही, त्याला नियम असतात. त्यावर ते म्हणाले, "नियम हाय ना. दोघं एका बांधावर चालले का बांध खचतो. वरचा चढला का मी उतरतो. तो उतरला का मी चढतो."

पोरं हसली. मीही हसलो. काकांनी कागदाची नीट घडी घातली, माझ्या हातात दिली आणि ते निघून गेले. त्यानंतर लग्नाबारशात भेटायचे, "बरा हाईस ना रं?" विचारायचे. मी बरा आहे म्हणायचो. माफी मागायची राहून गेली, आणि राहिलेल्या गोष्टीवर वर्षं चढत जातात.

माझा क्वायर नावाजला मात्र. आमच्या देवळात गायला लागला की आवाज असा भरून यायचा की पाहुणे फादर थांबून कौतुक करायचे. गंमत म्हणजे बाहेर स्पर्धेला गेलो की तोच क्वायर पातळ वाटायचा. मी सगळ्यांना कारण सांगायचो, "आमच्या देवळाचं बांधकाम दगडी आहे, आवाज धरतं." चार वर्षांपूर्वी मी क्वायर लिनेट नावाच्या एका हुशार मुलीच्या हाती दिला आणि काय आश्चर्य, देवळातलासुद्धा आवाज पातळ झाला. लोक म्हणायचे, "सर, तुम्ही सोडलंत आणि मजाच गेली." मी "छे छे, असं काही नाही" म्हणायचो आणि घरी जाताना छाती काढून चालायचो.

अशा या शहाण्या माणसाच्या क्लासमध्ये एका शनिवारी डोंबिवलीहून मेधा आली. वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत मशीनचे भाग डिझाइन करते. तिच्यासोबत तिचे सासरे होते, आप्पा. पंच्याहत्तरीचे, बारीक, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले ते बसलेच. बायको गेल्यापासून बोलणं कमी झालेलं, घरी एकटे ठेवायला नको म्हणून मेधा त्यांना आणते, हे मला नंतर कळलं. ते उजव्या हाताच्या बोटांवर अंगठा फिरवत मनातल्या मनात जप करत होते.

मेधा म्हणाली, "सर, मला पियानो नको. मी आठ वर्षं शास्त्रीय गायन शिकलेय. मग ऑनलाइन वेस्टर्नची थिअरी घेतली, तर माझं सगळं लक्ष पट्ट्या मोजण्यात. कान बंदच झाला. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी तिकडे देवळातल्या पोरांना जसं शिकवायचे ना, तसं शिकायचंय."

मी म्हणालो, "मला येत नाही."

"मग दोघं शिकू," ती म्हणाली आणि तिने पिशवीतून झेरॉक्सचा गठ्ठा काढला. त्या काळच्या पाठ्यपुस्तकांची पानं, सोबत इंग्रजी भाषांतर. माझं लॅटिन प्रार्थनेपुरतं, तिचं तेवढंही नाही. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण पहिल्या पानावर एका तळहाताचं चित्र होतं आणि त्याच्या पेरापेरावर सुरांची नावं लिहिली होती. ते पाहून मी तोंड मिटलं.

बाहेरच्यांसाठी सांगतो. तेव्हाच्या पोरांकडे वाद्य नसायचं, सगळे आवाज एकाखाली एक लिहिलेला कागदही नसायचा. ज्याला त्याला फक्त स्वतःची ओळ. दुसरा काय गातोय ते कानानेच ओळखायचं. आणि सूर शिकायचे ते हातावर. अंगठ्याचं टोक हा सगळ्यात खालचा सूर. तिथून अंगठा उतरून बोटांच्या मुळांवरून आडवं करंगळीपर्यंत जायचं, करंगळी चढायची, टोकाटोकाने तर्जनीवर यायचं, तर्जनी उतरायची आणि असंच वळत वळत आत शिरायचं. एकोणीस सूर हातावर मावतात. विसावा मधल्या बोटाच्या टोकाच्याही वर, हवेत. मास्तर हातावर बोट ठेवणार, पोरं तो सूर गाणार. झाला क्लास.

नावं मात्र सहाच. उत, रे, मी, फा, सोल, ला. 'मी' आणि 'फा' यांच्यामधली पायरी लहान, बाकीच्या मोठ्या. गाणं सहाच्या पलीकडे गेलं की मध्येच नव्या सहांची ओळ धरायची, त्यामुळे एकाच सुराला दोन-दोन, तीन-तीन नावं पडतात आणि चढताना एका नावाने शिरून दुसऱ्या नावाने बाहेर पडावं लागतं. हे मी मेधाला तीन आठवडे समजावत होतो, म्हणजे स्वतःलाच. तिसऱ्या आठवड्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"त्यात काय? ही मला सून, तुम्हाला विद्यार्थिनी, ऑफिसात मॅडम. बाई एकच. ज्याच्या घरात जाईल तिथलं नाव."

मेधाच्या डोळ्यांत पाणी आलं. आप्पा सहा महिन्यांत इतकं लांबलचक बोलले नव्हते. मी त्यांची खुर्ची कोपऱ्यातून टेबलाशी आणली.

दुसरी अडचण माझी होती. पहिला 'उत' कुठून घ्यायचा? मी पियानोच्या पट्टीचा गुलाम. त्या काळी ठरलेली पट्टीच नव्हती, ज्याला जिथून झेपेल तिथून सुरू. मला ते सहन होईना. शेवटी मेधाने तोडगा काढला. डेपोतून निघणारी जी गाडी पहिला हॉर्न देईल तो आपला 'उत'. शिवशाही आली तर वरचा, लाल डब्बा आला तर खालचा. माझ्या आयुष्यात इतक्या बेशिस्तीने मी कधी गायलो नव्हतो आणि इतकं नीट ऐकलंही नव्हतं.

आता आप्पा बोट ठेवायचे आणि मेधा गायची. जपाची सवय, त्यामुळे पेरं त्यांना तोंडपाठ. अंगठ्यावरचे तीन सूर डाव्या बोटाने दाखवायचे, मग डोळे मिटून उजव्या हातावर अंगठा फिरवायचे. मेधाने सुरुवातीलाच विचारलं होतं, "सर, हात कुठला?" मी बेफिकिरीने म्हणालो होतो, "कुठलाही चालेल, पेरं सारखीच." पंधराव्या सुरापर्यंत सगळं सुरळीत. सोळाव्याला मात्र आप्पांचा अंगठा तर्जनीवरून मधलं बोट सोडून थेट अनामिकेवर उडी मारायचा. मेधा बिचारी तिथेच चुकायची. एकदा, दोनदा, पाच शनिवार. सोळावा सूर मधल्या बोटावर आहे हे मी त्यांना दाखवायचो, ते मान डोलवायचे आणि पुन्हा उडी मारायचे.

पाचव्या शनिवारी माझा तोल गेला. "आप्पा, तुम्हाला कळतच नाही तुम्ही काय करताय!"

आप्पा म्हणाले, "कळत नाही मास्तर. म्हणून तर येतोय."

ते ओशाळले नव्हते, मीच ओशाळलो. तेच वाक्य, तोच आवाज, फक्त समोरचा माणूस दुसरा. मग मी जे पाच आठवड्यांपूर्वी विचारायला हवं होतं ते विचारलं. "त्या बोटावर का जात नाही तुम्ही?"

"तो मेरू आहे," आप्पा म्हणाले. बोटांवर जप करताना मधल्या बोटाची मूळ आणि टोक सोडून मधली दोन पेरं वगळायची असतात, माळेतला मेरुमणी ओलांडत नाहीत तसं. मुंज झाल्यापासून त्यांचा अंगठा तिथे कधी गेला नव्हता. "मी ठरवतो जायचं, पण बोट ऐकत नाही."

मी ख्रिस्ती माणूस, मला हे कुठून ठाऊक असणार, असं मनाला समजावून पाहिलं. ते पटलं नाही. ठाऊक नसणं ठीक होतं, न विचारणं ठीक नव्हतं. त्यांना म्हणालो, "असू द्या, नियम मोडू नका. आपण काहीतरी वाट काढू." वाट मला सुचली नाही.

पुढच्या शनिवारी आप्पा आल्या आल्या खुर्चीत न बसता टेबलाशी उभे राहिले. झेरॉक्समधल्या चित्रावर त्यांनी बोट ठेवलं. "मास्तर, हा हात डावा आहे. अंगठा बघा कुठल्या बाजूला. जपाचा हात उजवा. डाव्या हाताला मेरू नसतो."

मग त्यांनी डावा तळहात समोर धरला, उजव्या हाताची तर्जनी अंगठ्याच्या टोकावर ठेवली आणि एकेक सूर चढत निघाले. चौदा, पंधरा. सोळाव्याला मधल्या बोटावर त्यांची तर्जनी टेकली आणि मेधाचा सूर जागच्या जागी लागला. विसाव्याला त्यांनी बोट हवेत धरलं आणि लहान मुलासारखे हसले. इतकी वर्षं संगीत शिकवूनही मी चित्रातला हात कुठला हे पाहिलं नव्हतं. त्या दिवशीचा चहा मी त्यांच्या हातात नेऊन दिला.

हात पाठ झाल्यावर पुढचा धडा. एकाने साधी चाल संथ गायची, दुसऱ्याने कागदाशिवाय, तिथल्या तिथे, तिच्याखालून आपली चाल न्यायची. तेव्हाच्या पोरांना हे रोज करावं लागे. मेधा भाषांतर वाचून दाखवत होती. "दोन आवाज पाच किंवा आठ सुरांच्या अंतरावर असतील तर त्यांनी जोडीने एकाच दिशेला जाऊ नये. एक चढला तर दुसऱ्याने उतरावं, हे सगळ्यात उत्तम."

मी म्हणालो, "पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं. हा नियम मी वह्यांवर वह्या भरून शिकवलेला, पोरांच्या चुकांवर लाल खुणा केलेल्या. पण तो गाणाऱ्याच्या तोंडी, चालता चालता पाळायचा नियम म्हणून कधी ऐकला नव्हता. ऐकला होता. एकदाच. मिठागराच्या बांधावरच्या भाषेत, आणि मी हसलो होतो.

मी दोघांना सगळं सांगितलं. कागद, पांढरा शर्ट, सगळं. इनासकाकांकडे ही विद्या थेट त्या काळातून आली, असा दावा मी करत नाही. ते वडिलांकडून शिकले, वडील कुणाकडून ते देवाला ठाऊक. पण चुकतंय कुठं, या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर 'कुठेच नाही' असं होतं आणि ते द्यायला मी पस्तीसेक वर्षं लावली.

मेधाने विचारलं, "आहेत का ते?"

"आहेत. अठ्ठ्याऐंशीचे. पडल्यापासून कळव्याला मुलीकडे असतात."

"मग आपण इथे काय करतोय, सर?"

आप्पा तर चप्पल घालून दारात उभे होते.

रिक्षात मी मनात वाक्यं जुळवत होतो. त्यांनी ओळखलंच नाही तर? ओळखून तोंड फिरवलं तर? काकांच्या मुलीने, सेलीनने, दार उघडलं. काका खिडकीशी पलंगावर बसले होते. पाय गेलेले, कान शाबूत.

"कोन, बेनी? आज वाट चुकलास का रं?"

मी वाटेत जुळवलेली वाक्यं विसरलो. म्हणालो, "काका, त्या नाताळला मी तुम्हाला काढलं. तुमचं काही चुकत नव्हतं. मलाच कळत नव्हतं."

"नवा शर्ट व्हता माजा," काका म्हणाले. "लागलं मना. खोटं कशाला बोलू?" मग सेलीनला म्हणाले, "चाय ठेव यांच्यासाठी."

मला वाटलं, संपलं एवढ्यावर. तेवढ्यात मेधाने हळूच आमच्या देवळातलं जुनं गीत धरलं, मी तिला शिकवलेलं. काकांनी मान तिरकी केली. दोन सूर जाऊ दिले आणि तिसऱ्याला खालून आले.

तो आवाज म्हातारा झाला होता, फाटला होता, पण मी तो ओळखला. पस्तीस वर्षांपूर्वीचा म्हणून नव्हे. मी तो दर रविवारी ऐकलेला होता. मेधाचा सूर चढला, हा उतरला, आणि ती लहानशी खोली खालून भरून आली, अगदी आमच्या देवळासारखी.

गाणं संपल्यावर मी विचारलं, "काका, तुम्ही... देवळात?"

"मंग? तू मना क्वायरमदून काडलंस. देवलातून थोडाच काडलंस?" काका हसले. "शेवटचं बाक, खांबाच्या बाजूला. तुजी पाठ व्हती, तुला कसा दिसनार? पाय व्हते तवर एक रविवार सोडला नाय."

काकांचे पाय गेले चार वर्षांपूर्वी. मी क्वायर सोडला त्याच सुमारास.

ज्या भरीव आवाजाबद्दल मी आयुष्यभर कौतुक घेतलं, दगडाला दिलं, आणि सोडल्यावर पुन्हा स्वतःच्या नावावर लावलं, तो हा माणूस होता. मी हाकलल्यावर तो मागे जाऊन बसला आणि माझाच क्वायर खालून उचलून धरत राहिला. मी पलंगाच्या कडेला बसलो आणि रडलो. आप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. काका म्हणाले, "रडतोस काय? चाय निवतंय."

त्याला आता दीड वर्ष झालं. दर बुधवारी मी कळव्याला जातो. काका शिकवत नाहीत, फक्त गातात आणि मी चुकलो की "आयक" म्हणतात. नियम पाठ असून मला ती खालची चाल जमायला वर्ष गेलं, कारण माझे डोळे अजून कागद शोधतात. मेधा आणि आप्पा शनिवारी येतात. आप्पा आता घरातही बोलतात, जरा जास्तच, असं मेधाचं म्हणणं आहे. आयुष्यात मला मोठमोठ्या परीक्षांची सर्टिफिकेटं मिळाली, पण शिकवलं या तिघांनी. ते मला भेटले नसते तर मी एक समाधानी आणि अर्धवट मास्तर म्हणून मेलो असतो.

रविवारी मी पुढे बसत नाही. खांबाच्या बाजूच्या शेवटच्या बाकावर बसतो. मिस्सेची प्रार्थना सुरू होते, लिनेट आमच्याकडे पाठ करून हात उचलते, क्वायर गाऊ लागतो. मी दोन सूर जाऊ देतो आणि तिसऱ्याला खालून शिरतो, हळूच, कुणाला कळणार नाही इतपत. डावा तळहात मांडीवर उघडा असतो.

परवा मिस्सा सुटल्यावर लिनेटने मला पायऱ्यांवर गाठलं. चेहरा फुललेला. "सर, हल्ली काय झालंय कळत नाही. आपल्या देवळात आवाज एकदम भरून येतो. तुमच्या वेळेसारखा!"

"दगडी बांधकाम आहे, बाई," मी म्हणालो. "आवाज धरतं."